बायपासनंतर टाके चिघळले तर घरीच थांबा म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक संदेश पुन्हा फिरतोय. बायपासनंतर छातीच्या टाक्यांतून पाणी किंवा पू येऊ लागला तर हॉस्पिटलात परत जाऊ नका, मधात कालवलेली हळद लावून आठ दिवस वाट पाहा. छाती पुन्हा उघडणं आणि व्हॅक मशीन (जखमेत फोम ठेवून त्यातून पू-पाणी डब्यात खेचून घेणारं यंत्र) लावणं हे बिल फुगवायचे धंदे आहेत, पेशंट त्यातच दगावतात. आणि जखम पिकली म्हणजे ऑपरेशनच घाणेरडं झालं, असा त्याचा मजकूर. हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी वर्षानुवर्षं ड्रेसिंग करते. असले सल्ले ऐकून उशिरा आलेला पेशंट पाहिला की जीव तुटतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी हळद-मध. मध टाकाऊ नाही. निर्जंतुक केलेला औषधी मध वरवरच्या जखमांवर डॉक्टरही वापरतात. पण बायपाससाठी छातीचं हाड उभं कापून नंतर स्टीलच्या तारांनी आवळून बांधलेलं असतं. वरून दिसते ती टाचणीच्या डोक्याएवढी ओल, आणि खाली तारांभोवती, हाडाच्या मागे, पार हृदयापर्यंत पू साठलेला असू शकतो. लेप लावला की जखमेचं तोंड बुजतं आणि पू आतच राहतो. अशा पेशंटला खोकायला सांगून छातीवर तळवा ठेवला, तर कधी कधी हाडाचे दोन भाग एकमेकांवर सरकून ‘कट्’ झालेलं हाताला कळतं. तिथे लेपाचा विषयच संपतो.

छाती पुन्हा उघडणं बिलासाठी असतं, हे तर धादांत खोटं. खोल संसर्ग साधारण शंभरात एक-दोघांनाच होतो, पण झाला तर जिवावर बेततो. मेलेल्या हाडात रक्त फिरत नाही, मग अँटिबायोटिक तिथे पोचणार कसं? तारांवर जंतूंचा चिकट थर बसतो, तोही औषधाला दाद देत नाही. म्हणून तारा काढाव्या लागतात, सडलेलं हाड खरवडावं लागतं आणि उरलेली पोकळी जिवंत मांसाने भरावी लागते. छातीचा स्नायू किंवा पोटातली चरबीची झालर तिथे वळवून आणतात. १९७० आणि ८०च्या दशकांत ही पद्धत रुळली आणि अशा पेशंटचे मृत्यू बरेच घटले.

आता ‘पेशंट त्यातच दगावतात’. यात तथ्य आहे, आणि नातेवाइकांना ते आधीच स्पष्ट सांगितलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. हृदयाचा उजवा कप्पा छातीच्या हाडाच्या लगेच मागे असतो आणि त्याची भिंत पातळ असते. संसर्गाने तो हाडाला चिकटून बसतो. तारा काढताना, किंवा हाड उघडं असताना पेशंट जोरात खोकला तर हाडाची धारदार कड त्यात घुसू शकते, आणि मग रक्तस्राव आवरायला हातात मिनिटंच असतात. व्हॅकच्या खेचण्यानेही हा धोका वाढतो. मशीनमुळे रक्तस्राव होऊन मृत्यू झाल्याचे इशारे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २००९ आणि २०११ मध्ये दिले आहेत. म्हणूनच फोम ठेवण्याआधी हृदयावर पॅराफिनच्या जाळीदार गॉजचे थर नीट पसरतात, अगदी हाडाच्या कडांखाली सरकवून. आत किती तुकडे ठेवले ते मोजून लिहितात, कारण राहून गेलेला फोमचा तुकडा नवा संसर्ग घडवतो. डब्यात अचानक लालभडक रक्त दिसलं तर खेचणं तिथल्या तिथे बंद करायचं आणि सर्जनला हाक मारायची.

पुढेही कटकटी असतात. वळवलेल्या स्नायूखाली रक्त किंवा पाणी साठतं, पोटातली झालर आणली असेल तर हर्निया होऊ शकतो, आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या अँटिबायोटिकचा किडनीवर ताण येतो, काहींना महिन्यांनी त्याच जागी पुन्हा पू येतो. हे सगळं खरं असूनही खोल संसर्ग तसाच सोडणं याहून कितीतरी घातक आहे. आठ दिवस वाट पाहण्यात हाड आणखी सडतं, जंतू रक्तात उतरतात आणि तेच ऑपरेशन जास्त अवघड होऊन पुढ्यात येतं.

ऑपरेशन घाणेरडं झालं हा आरोप कधी खरा असेलही. हॉस्पिटलला जाब विचारायचा हक्क पेशंटला आहेच. पण मधुमेह, लठ्ठपणा, विडी-सिगारेट, बायपाससाठी छातीतल्या दोन्ही बाजूंच्या धमन्या वापरणं, रक्तस्रावामुळे पुन्हा थिएटरात न्यावं लागणं, या कशानेही धोका वाढतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डॉक्टरांनी मधुमेही पेशंटना इन्सुलिन शिरेतून सतत देऊन साखर ताब्यात ठेवली, तेव्हा खोल संसर्गाचं प्रमाण २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं नोंदवलं. ऑपरेशनच्या आधी साखर आणि सिगारेट या दोन गोष्टी आपल्याही हातात असतात.

बहुतेक वेळा हा संसर्ग पहिल्या महिन्याभरात, म्हणजे पेशंट घरी गेल्यावर डोकं वर काढतो. टाक्यांतून ओल, ताप, छातीत वाढती दुखणी, कूस बदलताना हाड वाजणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या सर्जनला दाखवा.