फलक ओतण्याआधीचं भांडण

जुलै 2025 मध्ये आपले 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यातले 11 महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आता गडागडावर नवे माहितीफलक लागतील आणि त्यावर कोणाचं नाव आधी, कोणाचं गाळलं, यावरून जुंपेल. जुंपू दे. पण मजकूर कोणी लिहिला, कशाच्या आधारावर आणि चुकला तर बदलायचा कसा, हे या वादात कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऐतिहासिक फलक लावताना नेमकं तेच आधी विचारतात.

इथली रीत अशी. विषय साधारण 50 वर्षं जुना हवा, व्यक्ती असेल तर तिला जाऊन 10 वर्षं झालेली हवीत. अर्ज काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) इतिहास समितीमार्फत राज्याच्या इतिहास आयोगाकडे जातो. सोबत तळटिपांसह सविस्तर टिपण आणि जागामालकाची लेखी परवानगी लागते. अर्जाची फी 100 डॉलर, फलकाचा खर्च वेगळा आणि तोही अर्जदाराचाच. अंतिम मजकूर मात्र आयोगाचे कर्मचारी लिहितात. देणगीदाराला स्वतःच्या आजोबांची आरती ओवाळता येत नाही. मग ॲल्युमिनियमचा फलक ओततात, अक्षरं उठावाची. एकदा ओतल्यावर एक शब्द बदलायचा तरी पुन्हा ओतावा लागतो किंवा खाली पुरवणी पट्टी जोडावी लागते, म्हणून भांडायचं ते आधी. 1918 मध्ये पोर्वेनिर इथे टेक्सास रेंजर्स या राज्याच्या पोलीस दलाने मेक्सिकन वंशाच्या 15 पुरुष आणि मुलांना ठार केलं. त्या घटनेच्या फलकावर स्थानिक आक्षेप आले, काम थांबलं, मजकूर पुन्हा तपासला गेला आणि 2018 च्या अखेरीस फलक उभा राहिला.

आता ब्रॅकेटव्हिल घ्या. मेक्सिकोच्या सीमेजवळचं छोटं गाव, लास मोरास ओढ्याकाठी 1852 मध्ये वसवलेल्या फोर्ट क्लार्क या लष्करी ठाण्याच्या जिवावर वाढलेलं. 1936 मध्ये टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीला राज्यभर ग्रॅनाइटचे फलक लागले. त्या काळचे फलक सहसा स्थापना कधी, नाव कोणावरून, छावणी कधी उठली, इतक्यात आटोपतात. अशा ठिकाणी सैन्याचा इतिहास सापडतो, गावाचा नाही.

गावाचा इतिहास ब्लॅक सेमिनोल स्काउट्समध्ये आहे. गुलामीतून सुटून मेक्सिकोत गेलेल्यांचे हे वंशज. 1870 पासून सैन्याने त्यांना वाटाडे म्हणून भरती केलं. तुकडी लहान, तरी चौघांना मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. त्यातल्या तिघांनी एप्रिल 1875 मध्ये पेकोस नदीकाठी आपल्या लेफ्टनंट बुलिसला कोमांचे या मूळनिवासी टोळीच्या तावडीतून घोड्यावर घालून सोडवून आणलं. चौथा ॲडम पेन. त्याला 1877 च्या नववर्षदिनी ब्रॅकेटव्हिलमध्येच डेप्युटी शेरीफने गोळी घातली, आणि त्या डेप्युटीकडेही मेडल ऑफ ऑनर होतं. जमीन देण्याचं वचन आपल्याला मिळालं होतं, असं स्काउट्स सांगत राहिले. जमीन मिळाली नाही. 1914 मध्ये तुकडी मोडली आणि कुटुंबांना किल्ल्याच्या हद्दीतून उठवलं. आता यातलं फलकावर किती मावेल? ‘चार शूरवीर’ एका ओळीत बसतात. जमिनीचं प्रकरण दोन ओळी मागतं आणि जागा कमी पडली की पहिली कात्री तिथेच चालते. लबाडी बहुधा खोटं लिहिण्यात नसते, काय गाळलं यात असते.

हा तोल सावरायला आयोगाने एक चांगली गोष्ट केली. त्या 100 डॉलरच्या फीतूनच दुर्लक्षित विषयांच्या फलकांचा खर्च निघतो, म्हणजे सरदारांच्या वंशजांच्या पैशातून वाटाड्यांचा फलक. आपल्याकडे देणगीतून लागणाऱ्या फलकांवर असा अधिभार सहज लावता येईल.

भारावून जायचंही कारण नाही. टेक्सासातल्या साध्या, नुसता इतिहास सांगणाऱ्या फलकाने इमारतीला कसलंच कायदेशीर संरक्षण मिळत नाही. मालक उद्या ती पाडू शकतो. उलट आपल्या पुरातत्त्व खात्याचा निळा फलक प्राचीन स्मारकांचा 1958 चा कायदा, दोन वर्षांची कैद आणि एक लाखाचा दंड ठणकावून सांगतो. स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला बंदीही असते. फक्त तिथे काय घडलं, ते त्यावर नसतं.

म्हणून नव्या फलकांसाठी मागणी छोटीच आहे. तळाशी दोन ओळी: मजकूर कोणी आणि कोणत्या वर्षी लिहिला, आणि पुराव्यांची फाईल कुठे बघायला मिळेल. फाईल मुंबईच्या मंत्रालयात नको, तालुक्याच्या वाचनालयात हवी.