खापर एकाच पक्षावर कशाला?

अमेरिकेतल्या इमिग्रेशनच्या गोंधळाचं खापर तुमच्या लेखात फक्त रिपब्लिकनांवर फोडलंय, ते पटत नाही. २०१३ चं सुधारणा विधेयक सिनेटमध्ये ६८-३२ ने पास झालं आणि रिपब्लिकनांच्या ताब्यातल्या हाउसने (प्रतिनिधिगृहाने) ते मतदानालाच घेतलं नाही, हे खरंच. पण २०१० मध्ये ड्रीम ॲक्टला (लहानपणी कागदपत्रांविना आणलेल्या मुलांना कायदेशीर दर्जा देणारं विधेयक) सिनेटमध्ये ५५ मतं पडली, चर्चा संपवून पुढे न्यायला हवी होती ६०, आणि पाच डेमोक्रॅट विरोधात गेले. तेही लिहा ना!

सीमेच्या आरडाओरड्यात कायदेशीर रांगेकडे कुणी बघतच नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. शिल्लक राहिली तरच जास्त. कंपनीने पर्म अर्ज (त्या कामाला अमेरिकी माणूस मिळत नाही, हे दाखवणारा) भरला की प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, मिळते, आय-१४० हा कंपनीचा पुढचा अर्ज मंजूर होतो, आणि मग भारतीय अर्जदार वर्षानुवर्षं रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन बघत बसतो. दरम्यान मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) संपतो. लहानपणापासून इथेच शाळेत गेलेल्या मुलाला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. पुण्या-मुंबईकडची कितीतरी घरं यात अडकली आहेत. देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक २०१९ मध्ये हाउसमध्ये ३६५-६५ ने पास झालं, म्हणजे दोन्ही पक्षांची मतं होती. सिनेटने २०२० मध्ये वेगळाच मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि विधेयक मेलं.

दोन्ही पक्ष असे, मग कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेल्या अपक्ष मतदाराने करायचं काय? पेनसिल्व्हेनिया राज्यात पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत त्याला मतच नाही. तिथल्या अपक्षांनी निदान १५ दिवस आधी पक्षनोंदणी बदलून घ्यावी.