टाइल पाहावी लावून

घरासाठी टाइल्स निवडायला निघालात? छान. निघताना टेप, नकाशा, मोजमापाचा कागद असलं काही बरोबर घेऊ नका. खोली किती लांब, दार कुठल्या बाजूला उघडतं, न्हाणीघरातलं पाणी कुठून कुठे जातं, हे प्रश्न घरीच राहू द्या. दुकानात फक्त डोळे न्यायचे असतात. तिथे छतातून इतके दिवे सोडलेले असतात की त्या उजेडात साधी वीटसुद्धा संगमरवरी दिसावी. निर्णय त्याच उजेडात घ्यायचा. काही चिकट माणसं नमुन्याची टाइल घरी नेतात, सकाळी खिडकीपाशी ठेवून बघतात, रात्री दिव्याखाली ठेवून बघतात, वर पाणी सांडून पाय फिरवतात. त्यांना दुसरा उद्योग नसतो.

जमिनीसाठी नियम सोपा आहे: जिच्यात बघून भांग पाडता येईल ती टाइल घ्यावी. शक्यतो काळी. काळ्या चकचकीत फरशीवर धुळीचा कण, केस, पाण्याचा थेंब, अनवाणी पावलाचा ठसा, सगळं स्पष्ट उमटतं, त्यामुळे घरात कोण कधी कुठे गेलं याची नोंद आपोआप राहते. न्हाणीघरातही हीच लावा. सगळीकडे एकसारखं दिसलं पाहिजे.

घसरण्याची भीती घालणारे लोक भेटतील. जर्मन लोकांनी तर याची रीतसर परीक्षाच काढली आहे. टाइल्स बसवलेल्या फळीवर तेल ओततात, एक माणूस बूट घालून त्यावर पुढे-मागे चालतो आणि फळी हळूहळू तिरपी करत नेतात. त्याचा पाय कितव्या अंशाला सुटतो, त्यावरून आर ९ ते आर १३ असे दर्जे ठरतात. ६ ते १० अंशांच्या दरम्यान गडी सुटला तर आर ९. ३५ अंशांच्या पुढेही टिकला तर आर १३. अनवाणी पायांसाठी परीक्षा वेगळी, तिथे तेलाऐवजी साबणाचं पाणी, आणि ए, बी, सी असे दर्जे. पडू नये म्हणून परीक्षार्थ्याला वरून पट्ट्याने बांधलेलं असतं. एवढा खटाटोप कशासाठी? तुमच्या न्हाणीघरात ही परीक्षा रोज सकाळी फुकटात होणारच आहे, साबणाच्या पाण्यासकट. परीक्षेला घरातली वडीलधारी मंडळी बसतील. पट्टा मात्र नसेल.

टाइलची पाठ चुकूनही बघू नका. पाठ बघणाऱ्याला नको ते कळतं. भिंतीची टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे चार थेंब टाकले, तर ते बघता बघता आत जिरतात. व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून भाजून काचेसारखी घट्ट झालेल्या टाइलवर तेच थेंब तसेच बसून राहतात. भिंतीच्या टाइलची माती सच्छिद्र असते, ती आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. व्हिट्रिफाइडची मर्यादा अर्ध्या टक्क्याची. पण हा मातीचा स्वभाव झाला, आपल्याला नक्षीशी मतलब. भिंतीची नक्षी आवडली असेल तर तीच जमिनीला लावा. आकाश कोसळत नाही. फक्त कपाट सरकवलं की कोपरा उडतो, आणि खुर्चीच्या पायाखालचा चकाकता थर, म्हणजे ग्लेझ, झिजून आतली माती दिसायला लागते. ग्लेझ किती घासलं की उतरतं याचेही पीईआय नावाचे ० ते ५ असे वर्ग असतात; खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ते लिहिलेले असतात, म्हणून खोकं गाडीतून उतरलं की आधी फाडून टाकायचं.

त्याच खोक्यावर शेड नंबर (रंगछटेचा) आणि कॅलिबर (नेमक्या मापाचं) हीसुद्धा भानगड छापलेली असते. प्रत्येक भट्टीचा रंग थोडा वेगळा निघतो, मापही मिलीमीटरच्या अंशाने इकडे तिकडे होतं, म्हणून एका खोलीला एकाच बॅचची खोकी घ्यावीत असं म्हणतात. तुम्ही मागवताना खोलीच्या क्षेत्रफळाला तंतोतंत पुरतील एवढ्याच मागवा. कापाकापीसाठी १० टक्के जास्त, तिरप्या मांडणीला १५ टक्के, हा उधळेपणा आपल्याला शोभत नाही. अर्धी खोली झाल्यावर नऊ टाइल्स कमी पडतील, दुसऱ्या बॅचच्या येतील, आणि सोफ्यासमोरच एक फिकट पट्टा उमटेल. त्यावर गालिचा टाका. गालिच्यांचा धंदा असाच चालतो.

आता मिस्त्री. चांगला मिस्त्री ओळखण्याची खूण म्हणजे तो आल्या आल्या काम सुरू करत नाही. खोलीत दोरी धरतो, गुण्या लावतो, टाइल्स कोरड्याच मांडून बघतो, दारातून आत वाकून बघतो, पुन्हा उचलतो. असा माणूस दिसला की लगेच बदला. गुण्या लावला की कळतं, खोली काटकोनात नाही. न लावला तर कळत नाही. मग लावायचा कशाला? ज्या कोपऱ्यात मिस्त्रीने चहाचा कप ठेवला असेल तिथून सुरुवात करू द्या. पूर्ण टाइल्स आतल्या कोपऱ्यातून निघतात आणि नेमक्या उंबऱ्याशी, जिथे आल्यागेल्याचं पहिलं लक्ष जातं तिथे, दोन बोटं रुंदीची तिरकी पट्टी उरते. भिंतीचा कल तिथे असा उघडा पडतो की लहान मूलही बोट दाखवेल.

लाकडासारख्या दिसणाऱ्या लांबोळक्या पट्ट्या घेतल्या असतील तर त्या विटांसारख्या निम्म्यावर निम्म्या लावून घ्या. अशी लांब टाइल भट्टीतून निघताना मध्ये जराशी फुगीर होऊन येते. निम्म्यावर लावली की एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाशेजारी बसतो आणि पायाच्या बोटाला अडेल एवढी कड तयार होते. एक-तृतीयांशाच्या पुढे सरकवू नका, असं जाणकार सांगतात. त्यांच्या पायांची बोटं नाजूक असतील.

चिकटवण्याच्या बाबतीत पाच गोळ्यांची पद्धत सर्वांत उत्तम. चार कोपऱ्यांत एकेक गोळा, एक मध्ये, टाइल ठेवली, रबरी हातोड्याने टकटक केली, झालं. दातेरी थापीने मसाला पसरायचा, त्याच्या रेघा एकाच दिशेने ओढायच्या म्हणजे टाइल दाबताना हवा बाहेर पडते, मध्येच एखादी टाइल उचटून पाठीला किती मसाला लागला ते बघायचं, कोरड्या जागी निदान ८० आणि ओल्या जागी ९५ टक्के पाठ भरलेली हवी, हे सगळं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. पाच गोळ्यांची फरशी दिसायला अगदी तशीच दिसते. नाण्याने टिचकी मारली तर पोकळ वाजते, पण नाण्याने टिचक्या मारत घरात फिरणारे पाहुणे विरळाच. वरून कीर्तन, आतून तमाशा. एक दिवस बरोबर त्या पोकळीवर कुणाच्या तरी हातून जड डबा पडतो, तेवढा एक प्रसंग सोडला तर काही त्रास नाही.

व्हिट्रिफाइड टाइलला खास अ‍ॅडहेसिव्ह लागतं, कारण ती पाणी शोषत नाही आणि नुसत्या सिमेंटच्या घोळाला तिची पाठ धरता येत नाही. हे ऐकून मिस्त्री हसेल. तुम्हीही हसा. भिंतीवरून टाइल सुटते तेव्हा ती बहुधा अख्खी, स्वच्छ पाठीची सुटते, म्हणजे पुन्हा वापरता येते. ही जमेची बाजू कुणी सांगत नाही.

आता फटीकडे वळू, कारण घरातली खरी भांडणं इथे होतात. दोन टाइल्समध्ये फट ठेवायची म्हटलं की घरमालकाच्या कपाळावर आठी पडते. फट दिसते, फटीत मळ साचतो, फट म्हणजे गरिबी! म्हणून पेपर जॉइंट मागा. टाइलला टाइल भिडवा. दोन मिलीमीटरचे स्पेसर मिस्त्रीच्या पिशवीतच राहू देत. भिंतीलगत सगळीकडून थोडी मोकळी जागा सोडतात, वरून स्कर्टिंग आलं की ती झाकली जाते. तीसुद्धा मसाल्याने गच्च भरून घ्या. मग वाट बघा. दहा मीटर लांबीची फरशी २० अंशांनी तापली तर दीडेक मिलीमीटर वाढते, आणि त्याच वेळी खालचं नवं काँक्रीट सुकत सुकत उलट आकसत असतं. वरची वाढते, खालचं आखडतं, कडेला सरकायला जागा नाही. अशा वेळी फरशी एकच करू शकते: वर उठते. भर दुपारी बैठकीच्या खोलीत फाटकन आवाज येतो आणि दोन टाइल्स एकमेकींना कड टेकून तंबूसारख्या उभ्या राहतात. शेजारी सिलिंडर फुटला असं समजून धावत येतात. ओळखी वाढतात.

घाई असेल तर आणखी सोपं. काँक्रीट टाकून २८ दिवस थांबा, म्हणजे निदान त्याची बरीचशी ताकद येते आणि सुरुवातीचं आकसणं मार्गी लागतं, असं अभियंते म्हणतात. पण पी हळद आणि हो गोरी हाच आपला खाक्या. शनिवारी कोबा, सोमवारी टाइल, मंगळवारी सामान.

न्हाणीघरासाठी मात्र थोडं मन लावून वाईट काम करावं लागतं. इथे दोन समज पक्के ठेवा. पहिला, टाइल लावली की पाणी आत जात नाही. टाइलमधून जात नाहीच, पण फटी भरायचं सिमेंटचं ग्राउट पाणी झिरपू देतं, आणि खालचा जलरोधक थर नसेल तर ते पाणी निवांतपणे खालच्या मजल्याच्या छतावर नकाशे काढतं. म्हणून तो थर आधी देऊन, कडेने भिंतीवर चढवून, सांडपाण्याची जाळी बंद करून २४ तास पाणी भरून ठेवायचं आणि खाली कुठे ओल येते का ते बघायचं, असा प्रघात आहे. तुम्ही आधी टाइल लावा. ओल आली की मग वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. बैल गेला नि झोपा केला, पण झोपा तरी झाला ना.

दुसरा समज, ढाळ आपोआप येतो. पाण्याला जाळीकडे न्यायला मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटरचा उतार लागतो. जाळी मधोमध असेल तर चारही बाजूंनी जमीन तिच्याकडे उतरली पाहिजे, म्हणजे ती चार कोपऱ्यांच्या रेषांवर दुमडली पाहिजे. छोट्या टाइल्स किंवा मोझॅक अशा ठिकाणी वळतात. त्यांचे सांधे जास्त, त्यामुळे पायाला पकडही मिळते. पण तुम्हाला न्हाणीघरातही तीच १२० बाय ६० सेंटिमीटरची शिळा हवी. ती दुमडत नाही. एक तर ती चार तिरप्या तुकड्यांत कापावी लागेल, नाहीतर जाळीऐवजी एका भिंतीलगत लांब पन्हळ ठेवून सगळी जमीन एकाच बाजूला उतरवावी लागेल. दोन्ही नको. शिळा सपाट बसवा. अंघोळीनंतर पाणी दाराशी जमेल आणि जाळी कोरडी राहील. लांब दांड्याचा वायपर आणा आणि तो अंघोळीचाच भाग समजा.

ग्राउट पांढरंशुभ्र घ्या आणि जमिनीला घ्या. ते राखाडी झालं की अ‍ॅसिडने घासा. अ‍ॅसिडने मळ जातो, ग्राउटही जातं, मग फटीत पाणी जायला आणखी मोकळी वाट मिळते. एपॉक्सी ग्राउट डाग धरत नाही आणि पाणीही फारसं पीत नाही. फक्त ते लावताना कष्ट पडतात आणि टाइलवर वाळलं तर निघता निघत नाही, म्हणून मिस्त्री त्याच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्या भावना जपा.

आणि छप्पर. कौलं बसवणं म्हणजे उभी केलेली फरशी, एवढंच समजून चला. खरं तर कौल पाणी अडवत नाही, ते पाणी पुढच्या कौलावर ढकलतं. सगळा भरवसा उतारावर आणि एकावर एक चढवलेल्या भागावर असतो. चपट्या साध्या कौलांना साधारण ३५ अंशांचा उतार लागतो, खाचेत बसणारी कौलं त्याहून कमी उतारावर चालतात. पण आजकाल बुटकी, पसरट छपरं देखणी वाटतात, तेव्हा उतार निम्म्यावर आणा. वाऱ्याचा झोत आला की पाणी कौलाखाली उलटं चढतं. वळचणीचं पाणी आढ्याला गेलेलं पूर्वी फक्त म्हणीत होतं, ते तुम्हाला घरबसल्या बघायला मिळेल.

जुने पत्रे काढून त्याच वाशांवर कौलं घालायची असतील तर वाशांना विचारूच नका. मातीची कौलं चौरस मीटरमागे ४० किलो किंवा त्याहूनही जास्त भरतात आणि पावसात भिजून वर आणखी जड होतात. पत्र्याचं वजन त्यापुढे काहीच नाही. आढं मधोमध किंचित झुकलं तर म्हणा, जुन्या वाड्याचा बाज आणलाय. कडेची आणि आढ्याची कौलं खिळ्याने किंवा तारेने बांधायची गरज नाही. वारा नेमका तिथेच जास्त ओढतो हे खरं, पण ज्याला जायचं त्याला अडवून ठेवणारे आपण कोण?

काम संपलं की उरलेली खोकी त्याच दिवशी देऊन टाका. माळ्यावर जागा अडते. पुढे कधीतरी भिंतीतला पाइप गळेल, प्लंबर तीन टाइल्स फोडेल आणि तुम्ही तुकडा हातात घेऊन दुकानात जाल. तिथला माणूस तो उलटसुलट करून बघेल आणि सांगेल की हे डिझाइन बंद होऊन जमाना झाला. घाबरू नका. मिळतील त्या रंगाच्या तीन आणा. तीनच वेगळ्या लावल्या तर दुरुस्ती वाटते, म्हणून प्लंबरला सांगा, तसाच आणखी दोन ठिकाणी फोड. मग ती नक्षी होते.