वेगापेक्षा दुरुस्ती पाहा

सॅबएनझेडबी आणि एनझेडबीगेट हे यूजनेटवरून (इंटरनेटवरचं जुनं संदेश आणि फाइलींचं जाळं) फाइल उतरवणारे दोन प्रोग्राम. लेखात त्यांची तुलना फक्त डाउनलोडच्या वेगावर केलीय, ते काही पटलं नाही. चांगल्या सर्व्हरला दोन्ही प्रोग्राम बहुतेक वेळा तुमची इंटरनेटची लाइन भरूनच टाकतात. खरा फरक कळतो तो फाइल उतरल्यानंतर. यूजनेटवर मोठी फाइल हजारो तुकड्यांत असते, त्यातले काही तुकडे गळालेले असले की सोबतच्या पार-२ फाइल्समधून (दुरुस्तीसाठीच्या जादा फाइल्स) ते पुन्हा घडवावे लागतात. हे काम प्रोसेसरचा घाम काढतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पट्टी ९७ टक्क्यांवर बराच वेळ अडकली, मला वाटलं हँग झालं, म्हणून मी बंद केलं. आणि सगळं पहिल्यापासून! चूक माझीच, दुरुस्ती चालू होती.

एनझेडबीगेट सी++ मध्ये लिहिलेला, त्यामुळे मेमरी कमी खातो. मूळ लेखकाने २०२२ मध्ये काम थांबवलं, पण इतरांनी ते पुढे चालू ठेवलंय, तेव्हा जुन्या साइटवरची आवृत्ती उतरवू नका. सॅबएनझेडबी पायथनमधला, नवख्याला हाच सोपा. सुरुवातीलाच विझार्ड (पायरीपायरीने विचारत जाणारी मांडणी) हाताला धरून सर्व्हर जोडून देतो. दोन्ही ब्राउझरमध्येच उघडतात, वेगळी खिडकी शोधत बसू नका.

आणि हो, सर्व्हर जोडताना पोर्ट ११९ नको, एसएसएलसाठी (म्हणजे कूटबद्ध, सुरक्षित जोडणीसाठी) ५६३ ठेवा. लेखात हे यायलाच हवं होतं.