झिरपासुर आणि अंधश्रद्धा : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

माझ्या 'झिरपासुर' या किशोर कादंबरीच्या चौथ्या प्रकरणाखाली आपण लिहिलंत, "विज्ञानात राक्षस घुसडून तुमच्यासारखे हौशी लेखक मुलांना अंधश्रद्धेकडे ढकलतात." शिवाय एक साल चुकलंय, विनोद ओढूनताणून आणलाय आणि बोली नाशिकची वाटत नाही, असंही.

सालाचं आधी. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने कल्पिलेल्या राक्षसापुढे मी १८७१ लिहिलं. ते त्याच्या पुस्तकाचं साल. कल्पना त्याने टेट या मित्राला १८६७ च्या पत्रात कळवली होती. चूक माझी, दुरुस्त केली.

पण 'हौशी'? 'तुमच्यासारखे'? ही कुठली भाषा? पंचवटीत आजी मला शूर्पणखेची गोष्ट सांगायची, तिच्या नाकावरूनच गावाचं नाव पडलं म्हणायची. "नाक कापल्यावर तिला वास यायचा का गं?" असं मी विचारलं तर म्हणाली, "उद्या बाईंना विचार." मी विचारलं. त्या राक्षसिणीमुळे मी अंधश्रद्ध झालो नाही. पुढे एकोणीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. तुम्ही किती वर्गांसमोर उभे राहिलात?

आणि घुसडला कोणी? दोन कप्प्यांमधल्या दारावर बसून वेगवान रेणू एकीकडे, मंद रेणू दुसरीकडे सोडणारा जीव मॅक्सवेलने कल्पिला. १८७४ साली केल्व्हिन या शास्त्रज्ञाने त्याला 'डीमन' म्हणजे राक्षस म्हटलं. काहीही कष्ट न करता एक कप्पा तापवणारा हा पठ्ठ्या उष्मागतिकीचा दुसरा नियम (उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही) मोडतो की काय, यावर भौतिकशास्त्रज्ञ शंभराहून जास्त वर्षं झुंजले. कोणता रेणू वेगवान ही माहिती राक्षसाला साठवावी आणि पुसावी लागते; माहिती पुसायलाही ऊर्जा खर्चावी लागते, हे भौतिकशास्त्रज्ञ लँडाउअरने १९६१ मध्ये मांडलं, त्यातूनच पुढे त्याला लगाम सापडला.

माझा झिरपासुर माठाच्या छिद्रांत बसतो. "चपळ रेणू मी हाकलतो, म्हणून पाणी गार!" ही त्याची फुशारकी. सातवीतली मुक्ता विचारते, "मग श्रावणात माठ गार का होत नाही?" हवा आधीच दमट, बाष्पीभवन मंदावलेलं, राक्षसाची बोबडी वळते. मग ती एका माठाला बाहेरून ऑइलपेंट फासते. छिद्रं बुजतात, पाणी कोमटच राहतं. हे वाचून कोणतं मूल राक्षसाला नवस बोलेल? प्रकरण शेवटपर्यंत वाचलं असतंत, तर हे वाक्य लिहिलंच नसतंत.

विनोद आणि बोली ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडतो. पाचवं प्रकरण रविवारी येतंय. त्यात झिरपासुर सातपूरच्या एका कारखान्यात कूलिंग टॉवरवर नोकरी मागायला जातो.