घरात झोपून असलेलं माणूस आणि जुलै महिना

आई मागच्या दिवाळीनंतर न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा चालती झाली नाही. रत्नागिरीत आमच्या मधल्या खोलीत तिची कॉट आहे. हिवाळा आणि उन्हाळा आम्ही निभावून नेला, कारण सकाळी मागल्या दारी टाकलेल्या चादरी अकराच्या आत कडकडीत वाळायच्या. जूनमध्ये पाऊस लागला आणि सगळं गणित कोलमडलं.

रोज तीन-चार चादरी, दोन गाऊन, अंगाखाली घालायच्या घड्या, पुसायची फडकी. डायपर असतोच, पण तो सतत ठेवला तर कातडी सोलवटते, म्हणून दुपारी काही तास काढतेच. पडवीत दोन दोऱ्या, हॉलमध्ये स्टँड, खिडकीच्या गजांवर गाऊन. तिसऱ्या दिवशीही कापड हाताला गारच लागतं. वाळलंय की नुसतं थंड आहे हे कळायला गालाला लावून बघावं लागतं. आणि तो कुबट वास, जो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. ज्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्या पाठीखाली ओलसर चादर घालणं म्हणजे जखमेला आमंत्रण. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात आईच्या माकडहाडाशी लाल चट्टा दिसला, तेव्हा मी ठरवलं की ड्रायर, म्हणजे गरम हवेने कपडे वाळवणारं वेगळं मशीन, घ्यायचा.

घरातूनच पहिला विरोध झाला. आठ महिने ऊन असतं, हे शहरातले चोचले कशाला, असं मावशी म्हणाली. मला ते फार लागलं. मावशीच्याच लहानपणी माजघरात चुलीच्या वर वलण असायचं आणि पावसाळ्यात लुगडी-धोतरं धुराच्या वासासकट तिथेच वाळायची. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट आणि दुपटी वाळवत. म्हणजे कोकणात पावसाळ्यात कपडे विस्तवावरच वाळायचे. चूल गेली, गॅस आला, आणि ते काम करणारं दुसरं काही आपण घरात आणलंच नाही. बायकांनी चार महिने ओले कपडे या खोलीतून त्या खोलीत हलवत राहायचं, हेच आपण धरून चाललो.

दुकानात गेले तर पहिलंच वाक्य, ‘मॅडम, तुमच्या मशीनला ड्रायर आहेच की.’ आपल्याकडे सेमी ऑटोमॅटिकच्या पिळायच्या टबाला ड्रायर म्हणायची सवय आहे, त्यातून हा घोळ होतो. तो टब कपडे पिळतो, वाळवत नाही. आमचं टॉप लोड वॉशिंग मशीन पिळताना मिनिटाला ७०० फेरे घेतं. तेवढ्या पिळण्यानंतरही सुती कपड्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास पाणी उरतं. चार किलो चादरी असतील तर पावणेतीन लिटर. १४०० फेऱ्यांचं फ्रंट लोड हेच प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आणतं, म्हणजे दोन लिटर. म्हणून ड्रायर बघायला जाण्याआधी आपलं मशीन किती पिळतं ते बघा, तिथेच बरंचसं वीजबिल ठरतं.

दुसऱ्या दुकानात व्हेंटेड ड्रायर दाखवला. किंमत पंचवीस हजारांच्या आसपास. हा खोलीतली हवा ओढतो, कॉइलवर तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि दमट हवा मागून बाहेर टाकतो. त्याला पाईप लागतो, पाईपला भिंतीत किंवा खिडकीत भोक. विक्रेता म्हणाला, पाईप नसला तरी चालतं. कसं चालेल? कपड्यातलं पावणेतीन लिटर पाणी रोज वाफ होऊन घरातच राहणार, भिंतींना बुरशी येणार, आणि त्याच हवेत आई झोपणार. हे त्याने स्वतःहून सांगायला हवं होतं.

शेवटी माझा कल हीट पंप ड्रायरकडे झुकला. आत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. दमट हवा थंड भागावरून जाते, पाणी टाकीत पडतं, मग तीच हवा पुन्हा तापून कपड्यात जाते. भिंतीला भोक नको. कपडे कमी तापतात, त्यामुळे कापड टिकतं, मात्र वेळ अडीच-तीन तास. किंमत दुपटीपेक्षा जास्त, हे खरं आहे आणि ते मला जड गेलं. पण एक लिटर पाण्याची वाफ करायलाच पाऊण युनिटाच्या जवळपास वीज लागते. माझ्या हिशोबाने रोजच्या चार किलोंना साधा ड्रायर अडीच-तीन युनिट खाईल, हीट पंप त्याच्या निम्म्यात भागवेल. महिन्याला चाळीस युनिटचा फरक, आणि महावितरणचं बिल स्लॅबवर चालतं. आमचं घर जुलैत ३०० युनिटच्या काठावर असतं, त्यामुळे वरचं प्रत्येक युनिट महागात पडतं.

जागेचंही बघा. फ्रंट लोडवर जोडपट्टी लावून ड्रायर ठेवता येतो, टॉप लोडवर नाही, कारण त्याचं झाकणच वर उघडतं. आम्हाला दोन फूट बाय दोन फूट वेगळी जागा काढावी लागली, कणग्यांच्या खोलीत.

एक गोष्ट मात्र झोपून असलेल्या माणसाच्या घरात कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. आईला रोज तेलाचं मालिश होतं, तेल चादरीला लागतं. तेलकट कापड ड्रायरमध्ये तापलं आणि गरम गरमच गोळा करून ठेवलं तर ते आपोआप पेट घेऊ शकतं. तशा चादरी आधी गरम पाण्यात, जास्त पावडर घालून धुवायच्या, आणि ड्रायर शेवटी कपडे गार करतो ती दहा मिनिटं मधेच बंद करायची नाहीत. कॉटवरची रबरी शीट कधीही आत टाकायची नाही. जाळीवर साठलेला कापसासारखा थर प्रत्येक वेळी हाताने काढायचा, कारण आग लागायचं ते दुसरं कारण.

मशीन गेल्या मंगळवारी आलं. आईचा चट्टा फिकट होतोय, डॉक्टरांनी कूस बदलण्याचं वेळापत्रकही दिलंय आणि ते आम्ही पाळतो.

आता मला एवढंच हवंय. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ज्यांचा हीट पंप ड्रायर तीन-चार पावसाळे चालला आहे, त्यांनी कृपया लिहा. पत्रा गंजतो का, आमच्यासारखी दिवसातून चार वेळा लाईट जाते तिथे स्टॅबिलायझर लावलात का, आणि दुरुस्तीला माणूस रत्नागिरीतच मिळाला की कोल्हापूरहून यावा लागला?