आधार कपाटात, बाई रस्त्यावर

"आधार आणलं काय?"

एवढं वाक्य कानावर पडलं की डोकं सणकतं. आमच्या संस्थेच्या निवाऱ्यात येणारी बाई सासरचा मार चुकवून रात्री अकराला अंगावरच्या कपड्यांनिशी निघते, कडेवर लेकरू, पायात दोन जोड्यांतली एकेक चप्पल. पाठीत लाथ बसून राहिली असताना "थांबा हो, फाइल घेते" असं कोणती बाई म्हणते? आधार, रेशन कार्ड, पासबुक, पोरांचे जन्मदाखले, दागिन्यांची बिलं, सगळं गोदरेजच्या कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. आणि नागपुरातली प्रत्येक खिडकी, मग ती ठाण्याची असो, दवाखान्याची, शाळेची की बँकेची, नेमकं त्या कपाटातलंच मागते. दोन झेरॉक्स, सोबत ओरिजिनल.

"मग दुसरं काढून घ्या ना, ताई." हे सांगणाऱ्यानं एकदा स्वतः काढून पाहावं. आधारला मोबाइल नवऱ्याचा जोडलेला असतो, कारण सिम घेतलं त्यानंच. ऑनलाइन काढायला गेलं की ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. कार्ड तर मिळत नाहीच, वरून त्याला कळतं की ही कुठंतरी बसून कागद जमवून राहिली आहे. प्लॅस्टिकचं कार्ड न जोडलेल्या नंबरवरूनही मागवता येतं, पण ते स्पीड पोस्टानं येतं नोंदलेल्या पत्त्यावर. म्हणजे सासरी! त्याच्याच हातात!

खरा रस्ता असा: बाईला घेऊन आधार केंद्रावर जायचं आणि आधी फक्त मोबाइल नंबर बदलायचा. जुना नंबर हाताशी लागत नाही, बाई समोर लागते. चार घरची भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही आणि ऑपरेटर "उद्या या" म्हणतो. उद्या नाही, भाऊ, डोळ्यांचं स्कॅन घ्या, मशीन तिथंच आहे. नंबर बदलला की ई-आधार उतरवून घ्यायचं. पत्त्याला हात लावायचा नाही. निवाऱ्याचा पत्ता आधारवर चढला, तर पुढं जिथं जिथं झेरॉक्स जाईल तिथं तिथं तो पत्ता जाणार.

बरं, हे सगळं कशासाठी? तक्रारीला आधार लागतं असं कायद्यात कुठंच नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं कलम 173 सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती तोंडी दिली तर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची, प्रत फुकट द्यायची. घटना कोणत्या हद्दीतली आहे हे पाहून परत पाठवायचं नाही. प्रत्यक्षात होतं काय? "नवऱ्यानं दोन थापडा मारल्या" एवढीच ओळ लिहून एनसीची, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत अशा अदखलपात्र गुन्ह्याची, पावती हातात देतात. आधीचा सहा वर्षांचा छळ, माहेरून पैसे आणायचा तगादा, उपाशी ठेवणं, हे लिहिलंच नाही तर भारतीय न्याय संहितेचं कलम 85, सासरच्या छळाचं, लागणार कुठून? म्हणून सही करण्याआधी ते वाचून घ्यायचंच, दहा मिनिटं लागली तरी. डिसेंबरात तर विचारूच नका. हिवाळी अधिवेशन सुरू झालं की "साहेब बंदोबस्तात आहेत" हे एकच उत्तर.

दवाखान्यात दुसरा प्रकार. बलात्काराची केस आली की "पोलिसांचं पत्र आणा". अहो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 प्रमाणे सरकारी असो की खासगी, उपचार ताबडतोब आणि फुकट द्यायचे, पोलिसांना कळवायचं काम दवाखान्याचं. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, तेही जितक्या लवकर तितकं बरं. पत्रासाठी दवाखाना ते ठाणे दोन फेऱ्या झाल्या की त्यातला अख्खा दिवस गेला, मे महिन्यात 45 अंशांत, ऑटोचं भाडं वेगळं.

तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबतीसोबत दरवर्षी वाईट गोष्टींचे नवनवे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. यंदा एक बडग्या "आधार आणा"चा काढा बाप्पा, गळ्यात झेरॉक्सची माळ घालून. घेऊन जा गे मारबत!

कोर्टाचं तर काय सांगावं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 12 चा अर्ज टाकला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकालाचा प्रयत्न 60 दिवसांत, असं छापलेलं आहे. छापलेलंच. त्या अर्जाला लग्नाचा दाखला नाही म्हणून अडून बसणारे वकील भेटतात. पत्रिका, लग्नातला फोटो, पोराच्या जन्मदाखल्यावरचं बापाचं नाव, यावर काम चालतं. त्याहून राग येतो तो छापील अर्जाचा. कलम 19(8) खाली स्त्रीधन आणि तिच्या हक्काच्या वस्तू परत मागता येतात, तिथं नुसतं "स्त्रीधन मिळावे" लिहून मोकळे होतात. आधार, पासबुक, पोरांचे दाखले, दहावीची मार्कशीट असं एकेक नाव लिहा की! आदेशात नाव नसलं तर सोबत गेलेला पोलीसही कपाट उघडायला लावत नाही. आणि पोटगीसाठी 2020 पासून दोन्ही बाजूंनी मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात बँकेचे उतारे मागतात. पासबुक कुठं? कपाटात.

शाळेचं थोडक्यात. आठवीपर्यंत टीसीला उशीर झाला किंवा वयाचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांना शिक्षण हक्क कायद्याची कलमं 5 आणि 14 दाखवायची, बहुतेक वेळा तिथंच विषय संपतो.

पण खरा संताप आपल्याच लोकांचा येतो. संस्थेला निधी देणारे. त्यांना तिमाही अहवालात प्रत्येक "लाभार्थी"चं आधार आणि फोटो पाहिजे, जमलं तर हसरा. लैंगिक अत्याचारातल्या बाईची ओळख छापणं हा न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, हे ईमेलमध्ये तीनदा लिहून झालं. केस नंबर देतो, वय देतो, तालुका देतो, हिशोबाचं प्रत्येक व्हाउचर देतो. तरी त्यांच्या एक्सेलमध्ये आधारचा रकाना रिकामा सोडला की अख्खी ओळ लाल होते आणि दुपारी फोन येतो, "मॅडम, तुमचा डेटा इनकम्प्लीट आहे."